टीव्हीचं इंजिन

अंबरनाथ पूर्व
२५ सप्टेंबर २०२५

ती. माई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवलंय असं समज. खरोखर ठेवलं असतं तर गुडघ्यांनी मला परत उभं राहू दिलं नसतं.

तूच म्हणालीस की आता फोन नको. फोनवर आपण दोघं भावंडं एकाच वेळी बोलतो आणि मग एकाच वेळी रागावून ठेवून देतो. म्हणून हे पत्र. देऊ सकाळी चामटोलीहून दूध घालायला येतो, त्याच्या हाती देतोय. उत्तर त्याच्याच हाती पाठव, फक्त कागद किटलीपासून लांब ठेवायला सांग.

बातमी अशी की जुना टीव्ही गेला. गौरी जेवत होत्या त्या दिवशी चित्र आधी आखडलं, मग मधोमध एक पांढरी रेघ उरली. मीनलने काही दिवस त्या रेघेवरच मालिका ऐकल्या. शेवटी म्हणाली, सासू कुठली आणि सून कुठली तेही आता रेघेवरून ओळखू का? मग घटस्थापनेला उल्हासनगरला जाऊन नवीन घेतला. ओएलईडी.

तुला सोप्या भाषेत सांगतो. आपण आजवर टीव्हीत जो काळा रंग बघितला तो काळा नव्हताच. करडा होता. चाळीस वर्षं आपली फसवणूक झाली. ह्या टीव्हीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि जिथे काळं दाखवायचं तिथे चक्क विझतो. त्यामुळे काळा म्हणजे काळाकुट्ट. शेजारच्या शशिकांतना मुद्दाम काळोखातला एक प्रसंग लावून दाखवला. ते बराच वेळ मान हलवत बसले आणि म्हणाले, "छान आहे. आता चालू करा."

तर तू भाऊबीजेला ये आणि बघ. मार्चमध्ये घराचं काम झालं तेव्हापासून तू एकदाच आलीस, तीही चहा पिऊन उठलीस. ह्या वेळी चार दिवस राहायला ये.

तुझा
दत्तू

ता. क. मीनलचा नमस्कार. जुन्या टीव्हीचं काय केलं ते सवडीने लिहीन.


चामटोली
२८ सप्टेंबर

चि. दत्तू,

आशीर्वाद आहेतच. गुडघ्यांना तेल लाव, नुसते आशीर्वाद तिथपर्यंत पोचत नाहीत.

काळा रंग बघायला एवढा खर्च केलास? आमच्याकडे बरा वारा सुटला की लाइट जाते. मग घरभर काळा. काळाकुट्ट, अगदी तू म्हणतोस तसा. मला आधी सांगितलं असतंस तर फुकट दाखवला असता.

सवडीने लिहीन म्हणालास ते मी आत्ताच विचारते. जुना टीव्ही कुठंय? त्यावरचं माझं कव्हर कुठंय? आणि कव्हरावर आई-आबांचा फोटो होता, तो कुठंय?

तुझ्याकडे शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट आला तेव्हा मी सासूबाई झोपल्या की पडवीत बसून विणायचे. रंगीत आला तेव्हा कव्हर मोठं केलं. तुझ्या लेकीच्या, सईच्या शाळेच्या वेळी हा डबा आला तेव्हा त्याला झालर लावली. तुझ्याकडे टीव्ही आला की माझ्याकडे सूत येतं, हे आपल्यात ठरलेलं आहे. तर नव्याचं माप पाठव. लांबी, उंची, खोली. अंदाजे नको. कारखान्यात साहेब होतास ना, पट्टी लावून मोज.

माई


अंबरनाथ
३ ऑक्टोबर

ती. माई,

काल दसरा. मीनल टीव्हीची पूजा करायला तबक घेऊन गेली आणि समोर नुसतीच उभी राहिली. जुन्याला चांगली रुंद चौकट होती, दरवर्षी तिथे हळदकुंकवाचं स्वस्तिक निघायचं. ह्याला कडाच नाही. बोट ठेवावं तिथे पडदा, आणि पडद्याला ओलं बोट लावायचं नाही असं बसवायला आलेला माणूस दोनदा बजावून गेलेला. शेवटी स्वस्तिक रिमोटवर काढलं. कुंकू आत गेलं आणि आवाज वाढवायचं बटण अडकलं. त्यामुळे सध्या घरात शांतता आहे.

माप विचारलंस म्हणून देतो. लांबी एकशे बावीस सेंटिमीटर, उंची एकाहत्तर. खोली चार मिलिमीटर.

होय, चार. दुकानदार टेकचंदशेठ म्हणाले, "साईं, ये टीवी नहीं, पापड है पापड. दीवार पे चिपकाओ और भूल जाओ." आता सिंधी माणूस पापडाच्या बाबतीत खोटं बोलणार नाही. तेव्हा माई, पापडाला कव्हर लागत नाही. शिवाय ह्याला हवा खेळती लागते म्हणे. तू उगाच सूत आणू नकोस.

तुझं जुनं कव्हर मीनलने धुऊन, डांबराच्या गोळ्या घालून माळ्यावर ठेवलंय. जुना टीव्ही सध्या योग्य त्या ठिकाणी आहे. आई-आबांचा फोटो तूर्त फ्रिजवर ठेवलाय. तूर्त.

तुझा
दत्तू


चामटोली
६ ऑक्टोबर

चि. दत्तू,

आबांना जन्मात थंडी सोसली नाही. वैशाखातसुद्धा कानटोपी घालणारा माणूस, त्याला तू फ्रिजवर बसवलंस?

आता मापाचं. चार मिलिमीटर! अरे, तू सातवीत गणितात कशाने अडला होतास ते मला चांगलं आठवतंय. मीटर, सेंटिमीटर, मिलिमीटर. मास्तरांनी शाळेच्या दाराची उंची विचारली तर तू ती बेडकाएवढी सांगितली होतीस. चार मिलिमीटर जाडीच्या वस्तूत एवढी माणसं, गाड्या, क्रिकेटची मैदानं मावतील कशी? मी आपली पन्नास सेंटिमीटर खोली धरलीय. सूत बदलापूरच्या बाजारातून आणवलं, पांढरंच. साखळ्या घालून झाल्या.

राग नाही, पण मनात आहे ते लिहिते. तुझं घर नवं झालं, चांगलं झालं. पण माझी खाट गेली. खिडकीतला कोनाडा गेला, जिथे माझी तपकिरीची डबी असायची. मी दिलेलं जातं खालच्या बागेत कुंडीखाली गेलं. आता तिथे आले की बसायचं कुठं तेच कळत नाही. पाहुण्यासारखी सोफ्याच्या टोकाला बसते आणि चहा झाला की उठते. त्या घरात टीव्हीवरचं कव्हर तेवढं माझं उरलं होतं, ते आता माळ्यावर.

म्हणून सांगते. माझं कव्हर टीव्हीवर असेल तर भाऊबीजेला येईन. नसेल तर ओवाळणी देऊच्या हाती पाठव. मी इथून निरांजन ओवाळीन, तू तिकडे खिडकीत उभा राहा.

माई

ओळी उतरल्यात त्याला हसू नकोस. पाट डगमगतोय.


अंबरनाथ
९ ऑक्टोबर

ती. माई,

मी आयुष्यभर एमआयडीसीत रसायनांच्या टाक्या मोजल्या. एकही उतू गेली नाही. मला मिलिमीटर कळत नाहीत असं फक्त तूच म्हणू शकतेस, आणि तेही पत्रात, म्हणजे देऊच्या घरी सगळ्यांना कळेल असं.

पुन्हा मोजलं. चारच आहे. शशिकांतनाही मोजायला लावलं. त्यांचंही चार आलं. कृपया विणकाम थांबव. न बसणारी वस्तू करून मग तूच माझ्यावर रुसशील, हे मी लिहून देतो.

ओळी फारच उतरल्यात. लहानपणीही तू रागावलीस की तुझं अक्षर असंच उतारावरून धावायचं. राग सोड. खाट गेली हे खरं, पण पाहुणी कसली तू? तुझं घर आहे हे.

दत्तू


चामटोली
१५ ऑक्टोबर

चि. दत्तू,

सोबत कव्हर. थांबव म्हणालास तेव्हा झालर सुरू झाली होती, आणि झालर सुरू झाली की कुठलीही बाई थांबत नाही.

इस्त्री फिरवू नकोस. फोटो मधोमध ठेव, डावीकडे पितळी मोर, आधी होता तसा.

भाऊबीजेला गुरुवारी सकाळी येते. देऊचा मुलगा नितीन रिक्षाने सोडतो म्हणालाय. कव्हर बसलं की नाही तेवढं एका ओळीत कळव, म्हणजे पिशवी भरायची की नाही ते ठरवीन.

माई


अंबरनाथ
१७ ऑक्टोबर

ती. माई,

कव्हर अगदी बेतोबेत बसलं. खोलीसुद्धा. माझंच मोजण्यात काहीतरी चुकलं असावं. टीव्हीला एकदम भारदस्तपणा आलाय. आई-आबा फ्रिजवरून उतरून आपल्या जागी बसलेत, मोर डावीकडे आहे.

पिशवी भर. मोठी भर.

तुझा
दत्तू


चामटोली
२६ ऑक्टोबर

चि. दत्तू,

सुखरूप पोचले. चार दिवस राहा म्हणत होतास, दोन राहिले, ते पुष्कळ झाले. मीनलच्या करंज्या खुसखुशीत होत्या, सारणात वेलची जरा जास्त, पण हे तिला सांगू नकोस.

आता तुझ्या टीव्हीविषयी.

मी दारातून आत आले. भिंतीवर तो तुझा पापड लावलेला आणि त्याच्याखाली स्टुलावर माझं कव्हर घातलेला मोठा डबा. मी काही विचारायच्या आतच तू बोलायला लागलास. "माई, हा वरचा नुसता पडदा. खालचं आहे ते त्याचं इंजिन. इंजिनाला धूळ चालत नाही, म्हणून कव्हर लागतंच." मी म्हटलं, अस्सं. मीनल लगबगीने आत गेली आणि तिने रिकामाच कुकर गॅसवर चढवला. शिट्टीच्या आवाजात हसू लपतं असं तिला वाटत असेल.

तू शेव आणायला खाली गेलास तेव्हा मी कव्हर वर करून इंजिनाला हात लावून बघितला. डाव्या अंगाला बोटांना सईचं फुलपाखरू लागलं. तिसरीत असताना तिने टीव्हीला चिकटवलेलं, एक पंख फाटलेलं. नवीन टीव्हीच्या इंजिनाला जुन्या टीव्हीचं फुलपाखरू कसं रे? आणि त्या इंजिनाची वायर मागे नुसतीच गुंडाळून ठेवलेली. एवढं शहाणं इंजिन मी आजवर बघितलं नाही, वीज न खाता चालतंय.

आता माझंही ऐक. चार मिलिमीटर म्हणजे किती ते मला कळतं. क्रोशाच्या सुईवर तिची जाडी लिहिलेली असते आणि ती मिलिमीटरमध्येच असते. तुझ्या जन्माआधीपासून मी त्या सुया चालवते आहे. शिवाय देऊची सून रुचिका, तिने मोबाइलवर हे टीव्ही कसे असतात ते मला समजावून सांगितलं होतं. मी धरलेले पन्नास सेंटिमीटर जुन्या डब्याचे होते.

तू जुना डबा दुकानदाराला देऊन टाकलास हे मला तुझ्या पहिल्या पत्राआधीच माहीत होतं. टेम्पोत चढताना देऊने बघितला. चामटोलीत बातम्या दुधाबरोबर येतात. म्हटलं, ह्याला सरळ सांगितलं की तो डबा परत आण, तर हा मला फोन करून तासभर ओएलईडी समजावेल. त्यापेक्षा कव्हर पाठवावं. कव्हर बसवायला डबा लागेल, आणि मी यावं म्हणून तू कव्हर बसवशीलच. तू खोटं बोलतोस, पण मला नाही म्हणत नाहीस. हे मी तुला पाळण्यात असल्यापासून ओळखते.

सोफ्याच्या टोकाला बसून दोन दिवस मी ते कव्हर बघत होते. बरं वाटलं, दत्तू. आई-आबा आहेत आणि खाली माझं सूत आहे, एवढं असलं की मी त्या घरची असते.

माई

टीव्ही खरंच छान आहे. काळा फारच काळा आहे.


अंबरनाथ
२९ ऑक्टोबर

ती. माई,

पत्र मीनलने मोठ्याने वाचलं. ह्या वेळी कुकर लावला नाही, तशीच हसली. वेलचीचं वाक्यही तिने मोठ्यानेच वाचलं, तेव्हा पुढच्या दिवाळीला तू तुझ्या करंज्या तूच करून आण.

बरं, आता सगळं सांगतोच. तुझं कव्हर आलं त्याच दिवशी शशिकांतना घेऊन उल्हासनगरला गेलो. टेकचंदशेठ माझ्याकडे बघतच राहिले. "साईं, सारी दुनिया पुराना देके नया ले जाती है. तुम नया लेके पुराना माँगने आये हो. घर में सब ठीक है ना?" मी म्हटलं, थोरली बहीण आहे. त्यांनी लगेच चहा मागवला. म्हणाले, "मेरी भी है." मग गुदामात नेलं. तिथे मेलेल्या टीव्हींचा डोंगर. फुलपाखरामुळेच आपला सापडला. तिसऱ्या मजल्यावर चढवला तेव्हा शशिकांतांच्या कमरेने दुसऱ्याच मजल्यावर राजीनामा दिला. आणि जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला वाटलं की हप्ते थकले म्हणून कंपनीने नवीन उचलून नेला आणि मी जुन्यावर आलो. दोघांनी तर माझ्या खांद्यावर हात ठेवला.

हे झालं माझं. आता तुझी पाळी.

तू लिहिलंस, फुलपाखरू बोटांना लागलं. डोळ्यांना का नाही दिसलं? भर दुपारी, खिडकीशेजारी?

भाऊबीजेला तू कुंकू माझ्या डाव्या भुवईवर लावलंस. मी म्हटलं, लाड आहे. अक्षता लाडवांवर टाकल्यास. म्हटलं, घाई आहे. मग मी कौतुकाने टीव्ही लावला. पडद्यावर समुद्रातले मासे होते. लाल, पिवळे, नारिंगी, हाताएवढे. आणि तू मान डोलावून म्हणालीस, "वा दत्तू, काळा खरंच काळा आहे."

तुला रिक्षात बसवून आल्यावर मी कव्हर नीट बघितलं. माई, ज्या बाईने चाळीस वर्षांत एक टाका सोडला नाही, तिच्या कव्हरातल्या फुलांना उजवीकडे सहा पाकळ्या आहेत, मधे पाच, आणि डावीकडे कुठे चार तर कुठे नुसतीच गाठ. झालर एका टोकाला आत वळली आहे. आणि पाट डगमगत नव्हता. देऊला विचारलं. तो आधी दूध मोजत राहिला, मग म्हणाला, "माई आता सुई हातानंच चालवतात. संध्याकाळच्या अंगणातसुद्धा येत नाहीत. सांगू नको बोलल्यात."

मी रागावलो आहे, हे आधी लिहितो. आणि घाबरलोही आहे. आई गेल्यावर तूच मला घास भरवलेस, आणि तू तिथे एकटी चाचपडत चुलीशी जातेस आणि मला काळ्या रंगाचं कौतुक ऐकवतेस.

मोतीबिंदूच असणार. इथे स्टेशनजवळ डोळ्यांचे एक चांगले डॉक्टर आहेत. तारीख घेतली आहे. विचारत नाही, कळवतो आहे.

दत्तू


चामटोली
२ नोव्हेंबर

चि. दत्तू,

देऊचं दूध उद्यापासून बंद करावं म्हणते. मग पत्र कोण नेणार, म्हणून सोडलं.

होय, दिसत नाही. उजव्याने धुकं आणि डाव्याने दाट धुकं. तुझी पत्रं रुचिका वाचून दाखवते. लपवलं, कारण देऊच्या घराबाहेर कुणाला कळलं असतं तर तुला कळलं असतं, आणि तू मला उचलून नेलं असतंस. ऑपरेशनला मी घाबरत नाही रे. गोदूबाईचं झालंय, तिसऱ्या दिवशी ती भात झोडत होती. मी घाबरत होते ते त्यानंतरच्या महिन्याला. डोळ्यावर काळा चष्मा, घर तुझं, पण कुठला कोपरा कुठे गेला ते मला माहीत नाही, हात लावीन तिथे नवीन काहीतरी लागणार, आणि मीनल बिचारी माझ्या मागे मागे. आपल्याच भावाच्या घरात आंधळी पाहुणी व्हायचं मला जिवावर आलं होतं.

आता तिथे एक वस्तू आहे, जिला हात लावला की मला कळतं मी कुठे आहे. म्हणून येते. कव्हर काढलंस तर रिक्षा तशीच मागे फिरवीन.

एकच डोळा. दुसऱ्याचं नंतर बघू.

माई


चामटोली
१४ डिसेंबर

चि. दत्तू,

घरी आले. अंगणात उभी राहिले आणि बारवी धरणाच्या बाजूचे डोंगर दिसले. एकेक झाड वेगळं दिसलं. मला वाटलं होतं की वय झालं की झाडं अशीच एकात एक मिसळून जातात.

तुझ्या घरचे दिवस चांगले गेले. पहिले काही दिवस काळ्या चष्म्यातून टीव्ही बघितला, तेव्हा काळ्याला तोटा नव्हता. चष्मा निघाल्यावर ते मासे लावलेस. आता सांगते. नारिंगी रंग एवढा नारिंगी असतो हे मी विसरले होते. तुझे पैसे वसूल झाले.

मीनल थेंब घालायची तेव्हा तिच्या हाताला वेलचीचा वास यायचा. करंज्यांबद्दल मी लिहिलं ते मागे घेते. आणि तुझे केस किती पांढरे झालेत, दत्तू! कुणी मला सांगितलं कसं नाही?

आता महत्त्वाचं. निघायच्या दिवशी मी ते कव्हर पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. देवा रे. असलं काम मी केलं? डावी बाजू तर मांजराने विणल्यासारखी आहे. आणि हे तू दोन महिने आल्यागेल्याला दाखवत होतास? मीनलच्या भिशीच्या बायका आल्या, त्यांनीही बघितलं? कव्हर ताबडतोब देऊच्या हाती पाठव. सगळं उसवून पुन्हा विणते. माझं नाव आहे त्याच्यावर.

माई


अंबरनाथ
१७ डिसेंबर

ती. माई,

कव्हर मिळणार नाही.

तू आजवर माझ्यासाठी जे जे विणलंस ते सुबक होतं, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्याकडे कधी नीट बघितलं नाही. रिमोट त्याच्यावर टाकायचो, चहाचा कप ठेवायचो. हे एकच असं आहे की त्याची पाकळी न् पाकळी मला पाठ आहे. चार पाकळ्यांचं फूल दिसलं की मला दिसतं, पडवीत धुक्यात बसून एक म्हातारी आपल्या भावाच्या घरात जागा विणते आहे. त्यातला एक टाका मी उसवू देणार नाही. रुसायचं तर रूस.

भिशीच्या बायकांचं म्हणशील तर घोटाळा वेगळाच झालाय. त्यांनी विचारलं, खालचा डबा कशाचा. मला सवयीने तेच सुचलं. दुसऱ्या मजल्यावरची करिष्मा आता नवीन टीव्ही घेते आहे. तिने टेकचंदशेठकडे जाऊन सांगितलं, "तिसऱ्या मजल्यावरच्या काकांसारखाच द्या, इंजिनवाला." शेठचा मला फोन आला. "साईं, ये इंजिन कौन सी कंपनी बनाती है? माल मँगवाना है."

डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख जानेवारीत दिली आहे. तुला उसवायचीच एवढी हौस असेल तर इथे येऊन उसव. टीव्हीसमोर बसून, माझ्या देखत. मी तुला सुई सापडू देणार नाही, पण तू ये.

तुझी खाट घराच्या कामाच्या वेळी सुतारकाकांकडे गेली होती. परत आणली आहे. खिडकीखाली मावली.

तुझा
दत्तू


चामटोली
१९ डिसेंबर

चि. दत्तू,

येते. तपकिरीची डबी घेऊन येते.

कव्हर राहू दे. पण कुणी विचारलं तर सांग की डावी बाजू मीनलने विणली.

आणि त्या करिष्माला म्हणावं, इंजिन दुकानात मिळत नाही. त्याला घरात थोरली नणंद असावी लागते.

माई